मदत हवी आहे: हवेच्या कॉम्प्रेसरची मोटर उचलत नाहीये

स्प्रेगन: चालू केला की नुसता घूं घूं करतो, पुली जेमतेम हलते आणि एमसीबी पडतो. कपॅसिटर नवीन टाकला, फरक शून्य. उद्या काम द्यायचंय. लवकर सांगा.

खटपट्या: किती एचपी? सिंगल फेज की थ्री? रिकाम्या टाकीवर उचलतो का?

तारतंत्री: स्टार्टचा कपॅसिटर टाकलात की रनचा?

स्प्रेगन: २ एचपी, सिंगल फेज. स्टार्टचाच, जुन्यावर होता तेवढ्याच मायक्रोफॅरडचा. सकाळी रिकाम्या टाकीवर उचलतो, एकदा टाकी भरून कट-ऑफ झाला की परत नाही.

खटपट्या: अहो, मुख्य गोष्ट हीच! मग कपॅसिटर, वायंडिंग बहुधा ठीक आहेत. कट-ऑफला प्रेशर स्विचपाशी ‘फुस्स’ होतं का? तो अनलोडर. हेडपासून, म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागापासून, टाकीपर्यंतच्या नळीतली हवा तो सोडतो. ती अडकली की पिस्टनला दाबावरच सुरुवात करावी लागते.

तारतंत्री: व्होल्टेज न बघता खोलाखोली कशाला? टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चे १८० झाले तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. मोटर उचलत असताना तिच्या टर्मिनलवर मोजा, सॉकेटवर नको. एक्स्टेन्शनवर आहे का?

तेलपाणी: तेल कोणतं घालता? मी इंजिन ऑइल घालायचो, व्हॉल्व्हवर कार्बन धरायचा.

खटपट्या: तेलाचा इथे काय संबंध?

तेलपाणी: थंडीत घट्ट झालं की मोटर जड जाते. आहे संबंध.

दे_धक्का: मोठा एमसीबी टाका. मी ३२ चा टाकला, विषय संपला.

तारतंत्री: अजिबात नको! एमसीबी वायर वाचवायला असतो. बी कर्व्ह असेल तर त्याच रेटिंगचा सी कर्व्ह बसवा. बी तीन ते पाच पट करंटला लगेच पडतो, सी पाच ते दहा पटीला.

स्प्रेगन: फुस्स होत नाही. एक्स्टेन्शनवर आहे, लांब आहे. उचलताना १९५ दाखवतोय.

खटपट्या: मेन बंद करा. अनलोडरची बारीक नळी नटापाशी जराशी सैल करा. हेड गरम असेल, हात सांभाळून. हवा क्षणात संपली आणि मग मोटर उचलली, तर अनलोडर चिकटलाय. हवा येतच राहिली तर टाकीतली हवा मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय.

तारतंत्री: आणि एक्स्टेन्शन काढाच. लांबी हवी तर हवेचा पाइप वाढवा, वायर नको.

स्प्रेगन: क्षणात संपली. नट आवळून थेट सॉकेटवर लावला, लगेच उचलला. अनलोडर सुटा मिळतो की अख्खा प्रेशर स्विच बदलायचा?

तेलपाणी: तेलाचं राहिलंच. कोणतं घालता?