सराफान म्हणजे नक्की कोणता कपडा?

निळीशाई: रशियन शिकतेय, त्यात सराफान शब्द आला. डिक्शनरीत उन्हाळ्यात घालायचा बिनबाह्यांचा ड्रेस दिलाय आणि जुन्या फोटोंत बघावं तर खेड्यातल्या बायका पायघोळ, जाडजूड काहीतरी घालून उभ्या, खाली नाव तेच. हा शब्द मुळात रशियन वाटत नाही. आपल्या सराफाशी काही नातं आहे का? 😄

पंतोजी: सराफ अरबी, त्याचा इथे संबंध नाही. हा फारसी सरापा, म्हणजे सर (डोकं) ते पा (पाय), तुर्की भाषांमधून रशियात गेला. आपला शिरपाव त्याच घरातला बरं का, दरबारात मान म्हणून द्यायचा पोशाख, आता नुसतं बक्षीस उरलंय. आणि गंमत म्हणजे रशियन बखरीत 1376 च्या नोंदीत सराफान येतो तो चक्क पुरुषांचा, बायकांचा नंतर झाला.

उनाडटप्पू: पीटर द ग्रेटने 1700 च्या आसपास हुकूम काढून शहरी लोकांना युरोपियन कपडे घालायला लावले, तेव्हापासून सराफान शेतकरी, व्यापारी आणि जुन्या पंथाचे लोक (चर्चमधल्या सुधारणा न मानणारे) यांच्याकडेच राहिला. मग 1834 ला निकोलस पहिल्याने दरबारी बायकांसाठी रशियन धाटणीचा पोशाख ठरवला, त्यात सराफानची नक्कल होती पण मखमल, जरीकाम, शेपटासारखा मागे लोळणारा घोळ, खेड्यातल्या बाईने ओळखला नसता! खरा सराफान म्हणजे खांद्यावर पट्टे, बाह्या नाहीत, आतून लांब बाह्यांचा सदरा, त्याला रुबाखा म्हणतात, भरतकाम असतं ते बाह्यांवर दिसतं. तोही सगळीकडे नव्हता हां, दक्षिणेकडे लग्न झालेल्या बायका पान्योवा नावाचं चौकड्यांचं लोकरी वस्त्र कमरेला गुंडाळायच्या.

निळीशाई: भारी! मग आज दुकानात सराफान मागितला तर काय देतील?

उनाडटप्पू: उन्हाळी ड्रेसच देतील. नाचाबिचासाठी जुना हवा असेल तर रूस्की सराफान म्हण.

पंतोजी: अजून एक, सराफान्नोए रादिओ पण लिहून ठेव, म्हणजे सराफान रेडिओ, बायकाबायकांत तोंडोतोंडी पसरणारी बातमी. हल्ली धंदेवाले पुरुषसुद्धा सर्रास म्हणतात, जाहिरात करत नाही, गिऱ्हाईक सराफान रेडिओवरूनच येतं.