बारावीच्या वर्षात अमेरिकेचा अर्ज: सोलापूरच्या भाचीसाठी विचारणा

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी (मूळ गाव सोलापूर)

मंडळी, नमस्कार.

माझी भाची सोलापुरात यंदा बारावी सायन्सला गेली, पीसीएम ग्रुप. फिजिक्सची मनापासून आवड आहे आणि बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला यायचं म्हणते. दाजींचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. पदवीसाठी घरातून पुण्यापलीकडे आजवर कुणी गेलेलं नाही. ज्युनियर कॉलेजात चौकशी केली तर "आमच्याकडून असं अजून कुणी गेलं नाही" एवढंच उत्तर मिळालं. मी जीआरई देऊन एमएसला आलो, त्यामुळे बारावीनंतरचा रस्ता मला माहीत नाही. कधीपासून काय करायचं? आणि सीईटी-जेईई या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षांचा क्लास सोडायचा का? ताईच्या डोक्याला घोर लागलाय तो या दुसऱ्या प्रश्नाचा.

---

प्रेषक: सभासद, शिकागो

दादा,

क्लास सोडू नका. आधी ताईंना एवढं कळवा, मग पुढचं वाचा.

माझ्या दोन्ही मुलांचे अर्ज मी इथे जवळून पाहिले, आणि तिकडून अर्ज करणाऱ्या मुलांनाही मदत करत आले आहे. इथल्या शाळेत बारावीचं वर्ष या अर्जांना धरूनच चालतं. काउन्सेलर मुलांच्या मागे लागून कागद पुरे करून घेतो. आपल्याकडे ते कुणीच करत नाही, आणि शिवाय दोन वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात. कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक विद्यापीठांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. अर्ली, म्हणजे लवकरच्या फेरीच्या अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, रेग्युलरची, म्हणजे नेहमीच्या फेरीची, साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. नेमक्या त्याच डिसेंबर-जानेवारीत प्रीलिम, जेईई मेनचं पहिलं सत्र, मग प्रॅक्टिकल आणि फेब्रुवारीत बोर्ड. मुलगी हुशार असली तरी हे सगळं एकाच वेळी पेलत नाही. म्हणून घरात ठरवूनच टाका की अमेरिकेचं काम दिवाळीच्या फराळाआधी हातावेगळं करायचं. त्यानंतर फक्त बोर्ड आणि सीईटी.

सर्वांत जास्त वेळ खातात ते मार्कांचे कागद. विद्यापीठं नववीपासून चार वर्षांचे मार्क मागतात. तिची नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी कॉलेजात, म्हणजे दोन दारं. नववीची गुणपत्रिका आपल्याकडे कुणी जपून ठेवत नाही, कारण तिचा पुढे कधी उपयोगच पडत नाही. जुन्या शाळेत जाऊन रजिस्टरवरून सही-शिक्क्याची प्रत आत्ता जूनमध्येच मागा. कागद मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागेल. काउन्सेलर नाही म्हणून अडत नाही, ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्य करू शकतात. कॉलेजची ओळख करून देणारं एक पान मात्र जोडावं लागतं: बोर्ड कोणतं, विद्यार्थी किती, मार्क कसे देतात. त्याचा मसुदा मी करून देईन, त्यांनी तपासून लेटरहेडवर घ्यावा.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या पत्रांची. आपली बरीच मुलं क्लासलाच दिवस काढतात आणि कॉलेजात प्रॅक्टिकलपुरती जातात. मग कॉलेजच्या सरांना मुलगी ठाऊकच नसते, ते पत्रात लिहिणार काय? तिला सांगा, फिजिक्सच्या तासाला बस, शंका विचार, सरांच्या हाताखाली एखादा प्रयोग नीट कर. पत्र ऑगस्टअखेर मागायचं. क्लासच्या सरांचं पत्र जादा म्हणून चालतं, पण मुख्य पत्र कॉलेजच्याच शिक्षकांचं हवं.

सॅट ही तिकडच्या पदवी प्रवेशाची परीक्षा १६०० मार्कांची, आता लॅपटॉपवर, सव्वादोन तासांची. पीसीएमच्या मुलीला त्यातलं गणित जड नाही. इंग्रजी वाचनाला मात्र रोज अर्धा तास काढावा लागेल. ऑगस्ट किंवा ऑक्टोबरची तारीख धरा. पासपोर्ट नसेल तर या महिन्यात अर्ज टाका.

पैशाचं दाजींशी स्पष्ट बोला. नावाजलेल्या खाजगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी ठिकाणं प्रवेश ठरवताना परदेशी मुलाचीसुद्धा ऐपत पाहत नाहीत, आणि घेतलं तर गरजेइतकी मदत देतात. तिथे प्रवेश अतिशय कठीण, हेही तिला सांगायला हवं. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाच्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो, आणि सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांना पदवीसाठी मदत फार थोडी. फाफ्सा हा तिकडच्या सरकारी मदतीचा अर्ज आपल्यासाठी नाही, बऱ्याच ठिकाणी सीएसएस प्रोफाइल हा घरच्या ऐपतीचा फॉर्म भरावा लागतो, त्यात कारखान्याचा हिशेबही द्यावा लागतो. मदतीशिवाय जमणार नसेल तर पहिल्याच अर्जात तसं सांगा; प्रवेश मिळाल्यावर मागू म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी दार बंद असतं. लवकरच्या अर्जातला अर्ली डिसिजन हा प्रकार बांधून घेणारा असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे मदतीचा अंदाज नसताना त्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

---

प्रेषक: दुसऱ्या एका सभासदाचे वडील, सोलापूर (निवृत्त ज्युनियर कॉलेज शिक्षक)

नमस्कार. मुलानं ही पत्रं वाचून दाखवली, म्हणून लिहितोय.

शिकागोच्या ताईंनी सांगितलेलं दिवाळीचं बंधन अगदी योग्य आहे. एमएचटी-सीईटी पीसीएमला २०० मार्कांची, त्यातले १०० एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. प्रश्न साधारण २० टक्के अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर. बोर्डाचा अभ्यास मनापासून केलेल्या मुलीला ही परीक्षा अवघड नाही, फक्त वेग लागतो. तो फेब्रुवारीनंतरच्या सरावानं येतो.

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजाची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहायला पोरीला अवश्य पाठवा, वर्षात तेवढी एक सुट्टी तिची आहे. होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, रोज रोज मात्र नको, तो महिनाभर असतोच बघा.

इथले दाखलेही आत्ताच काढा: डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेयर. निकालानंतर सेतू केंद्रात जी झुंबड उडते ती मी दरवर्षी पाहतो. मुलीला चांगले पर्सेंटाइल आणि पडताळणी अडकलेली, असं घडताना फार वाईट वाटतं. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाप्रमाणे कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अमेरिकेचं जुळलं नाही तर या मार्गानं पुण्यात किंवा इथे सोलापुरात वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग होतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फिजिक्सच हवं असेल तर बीएस्सीची वाट मोकळी आहे. पुढे एमएस-पीएचडीला अमेरिका आहेच की.

---

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

शिकागोच्या ताई, काका, मनापासून आभार. प्राचार्य तयार झाले. नववीची गुणपत्रिका शाळा काढून देतेय. आता प्रश्न अर्जासोबतच्या निबंधाचा. एक सल्लागार म्हणतो, "६५० शब्द आम्ही लिहून देतो, यंत्रमागावरची गरिबी दाखवली की काम होतं." भाची म्हणते, माझ्याकडे एकही मोठं सर्टिफिकेट नाही, मग मी लिहू काय? माझ्या ताईला वाटतंय पैसे भरून टाकावेत.

---

प्रेषक: सभासद, शिकागो

दादा, एक रुपयाही भरू नका. दुसऱ्यानं लिहिलेला निबंध स्वतःचा म्हणून देणं ही फसवणूक आहे आणि उघड झाली तर मिळालेला प्रवेशही जातो. दुसरं म्हणजे दाजी कारखाना चालवतात, कामगारांचे पगार देतात. मुलीनं त्या घराची खोटी गरिबी का लिहायची?

अर्जात दहा उपक्रमांची जागा असते आणि त्यात घरची जबाबदारी आणि नोकरी-धंद्यातलं कामही धरतात. ती सुट्टीत कारखान्यात काय करते? आजीचं औषधपाणी कोण बघतं? कामगारांशी तेलुगू बोलते का? हे सगळं लिहायचं, आठवड्याला किती तास तेही खरं खरं. निबंध तिनं आधी मराठीत लिहून काढला तरी चालेल. फिजिक्स तिला का आवडतं, कोणत्या दिवशी कशामुळे आवडायला लागलं, तिथून सुरुवात करू दे. मग तिनंच तो इंग्रजीत लिहावा. मी व्याकरण दाखवीन, वाक्य बदलणार नाही.

रविवारी सोलापूरच्या रात्री नऊ वाजता मी मोकळी आहे. तिचा आणि ताईंचा फोन एकत्र जोडा. कॉलेजच्या ओळखीच्या पानासाठी बारावी सायन्सच्या तुकड्या, विद्यार्थीसंख्या आणि गेल्या वर्षीचा निकाल त्याआधी मागवून ठेवा.