'श' आणि 'ल'साठी युनिकोडवर मेलचा भडिमार करू नका

खिळेजुळारी
कालचं आवाहन इथल्या बहुतेकांना आलं असेल: "मराठीच्या देठाच्या श ला आणि पाकळीच्या ल ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा द्या, हा मजकूर जसाच्या तसा चिकटवून सगळ्यांनी पाठवा. हजार मेल गेले की त्यांना जाग येईल." माझा एका फॉन्टच्या कामात थोडा हात आहे. हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं जागतिक मानक. त्यात श चा क्रमांक, म्हणजे कोडपॉइंट, एकच आहे, ०९३६. तो गाठीचा (हिंदीत चालतो तसा) दिसायचा की देठाचा (मराठीत शिकवतात तसा), हे फॉन्ट ठरवतो. नीट केलेल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकूर मराठी आहे असं कळलं की मराठी आकार पुढे येतो. उद्या दुसरा श खरंच मिळाला तर 'शाळा' दोन प्रकारे टाइप होईल आणि एक शोधताना दुसरी सापडणार नाही. शिवाय तिथे एकदा आत गेलेलं अक्षर परत काढता येत नाही. एका कंसाच्या इंग्रजी नावात के आणि सी यांची अदलाबदल झालेली आहे. चूक सगळ्यांना मान्य आहे, पण नाव तसंच राहणार, कारण नावं बदलायची नाहीत हा नियम आहे. अशा ठिकाणी छापील नमुने घेऊन जायचं असतं, डोकी मोजून दाखवायची नसतात. एकाच मजकुराचे हजार मेल गेले तर पुढच्या वेळी मराठीचा खरा प्रश्न घेऊन जाणाऱ्याला कोण गंभीरपणे घेईल?

सह्याद्रीपुत्र
आवाहन माझं आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि त्याच ऑक्टोबरात युनिकोड ६.० मध्ये आलं. मनात असलं की होतं! नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय देठाचा श आणि पाकळीचा ल सांगतो, तरी आम्ही अजून वाट बघतोय. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेचा गृहपाठ मोबाइलवर येतो. परवा 'शेतकरी'वर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, हे कुठलं अक्षर?" तिला आता फॉन्ट आणि कोडपॉइंट समजावू का?

खिळेजुळारी
रुपयाचं चिन्ह नवं होतं, त्याला आधी जागाच नव्हती. श ला आहे. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका.

वाचनालयवाली
श चं राहू द्या, ॲ चं काय ते बोला. ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि काही जण हिंदीचा ऍ वापरत होते. आमच्या यादीत तिन्ही आहेत. एक आजोबा ॲलर्जीवरचं पुस्तक मागायला आले. शोधलं, तर "नोंद नाही". पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं! गेली दोन वर्षं मी एकेक नोंद हाताने दुरुस्त करतेय. एका अक्षराला दोन वाटा ठेवल्या की काय होतं ते मला विचारा.

दऱ्याखोऱ्यातला
ताई, ऱ्य चं तर याहून वाईट आहे. एक वाट ऱ, हलन्त, य. दुसरी वाट र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह), य. दिसायला सारखंच. आमच्या संस्थेच्या अहवालात कुणीतरी न दिसणारी चिन्हं साफ करणारी स्क्रिप्ट चालवली. झेडडब्ल्यूजे उडालं आणि 'आचाऱ्यांचे मानधन'चं 'आचार्यांचे मानधन' झालं. हिशेब तपासणीस विचारू लागले, हे कोण आचार्य? स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांचे पैसे सात आठवडे अडकले.

डीटीपीवाला
हे सगळं घरबसल्या बोलायला सोपं आहे. माझी वीस वर्षांची कामं जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत, उघडली की नुसता कचरा दिसतो. तेव्हा हे मानकवाले कुठे होते?

वाचनालयवाली
जुन्या फॉन्टमध्ये मानक नव्हतं म्हणूनच तो कचरा झाला ना?

डीटीपीवाला
पोट हातावर असणाऱ्याला शिकवू नका. गिऱ्हाईक मागेल ते द्यावं लागत होतं.

सह्याद्रीपुत्र
विषय श चा होता. कुणी ॲ घेऊन आलं, कुणी आचारी. मराठी माणूस एका मुद्द्यावर एकत्र येतच नाही, म्हणून आपलं कुणी ऐकत नाही.

दऱ्याखोऱ्यातला
त्या बायकांचे पैसे अडकले होते दादा. तुम्हाला तो फाटा वाटतो?

सह्याद्रीपुत्र
तसं म्हणायचं नव्हतं. बरं, मेल थांबवतो. पण मग करायचं काय, ते सांगा. नुसतं "असं होत नाही" ऐकून माझा जीव विटलाय.

खिळेजुळारी
सांगतो. आधी एक कबूल करतो. निरोपाच्या ॲपमध्ये हा मजकूर मराठी आहे हे सांगायची सोयच नसते. तिथे मोबाइलच्या भाषेवर भागवावं लागतं, आणि बहुतेकांचा मोबाइल इंग्रजीत असतो. तुमच्या मुलीला गाठीचा श दिसतो यात तुमची काही चूक नाही. माझं सुरुवातीचं स्पष्टीकरण तिथे अपुरं पडतं.

आता कामाचं. मी पहिल्यांदा एका फॉन्ट प्रकल्पाला "मराठी नीट दिसत नाही" एवढंच लिहिलं होतं. उलट विचारणा आली: कुठलं अक्षर, फॉन्टची कुठली आवृत्ती, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं? मला यातल्या एकाचंही उत्तर देता आलं नाही. तीन रविवार बसून नमुने जमवले, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. तुम्ही मोबाइलची भाषा मराठी करा आणि तोच गृहपाठ पुन्हा उघडा.

सह्याद्रीपुत्र
केली. निरोपात अजून गाठीचाच आहे. ब्राउझरमध्ये मात्र एका मराठी वर्तमानपत्राच्या पानावर देठाचा दिसतोय.

खिळेजुळारी
दोन्हींचे स्क्रीनशॉट काढा, शेजारी मुलीच्या वहीचं पान ठेवा. मोबाइलचं मॉडेल आणि ॲपची आवृत्ती टाका. तक्रार ॲपवाल्यांकडे की फॉन्टवाल्यांकडे, ते बघून ठरवू. मसुदा मी आज रात्री लिहितो.

वाचनालयवाली
त्यात 'ॲ'चा शोधही घाला. माझ्याकडे एकशे बारा नोंदी तयार आहेत.

सह्याद्रीपुत्र
आधी श.