हेलिकलमध्ये टूल गोल न फिरता सरळ खाली उतरतंय

नवा_सेटर:
सीएनसी मिलिंग मशीन, फॅनक कंट्रोल (मशीन चालवणारी प्रणाली). ४० मिमी व्यासाचा बोअर (गोल भोक), २० खोल, तळ बंद. १६ ची एंडमिल (कापणारं टूल), ड्रिल न मारता थेट हेलिकलने, म्हणजे गोल फिरत स्क्रूसारखं, उतरायचंय. सेंटर एक्स० वाय०. टूल एक्स१२. वर आणून ही ओळ दिली (जी०३ म्हणजे घड्याळाच्या उलट गोल कापणं, आर म्हणजे त्रिज्या, एफ म्हणजे फीड, टूल सरकण्याचा वेग):
जी०३ एक्स१२. वाय०. झेड-१. आर१२. एफ६००
टूल फिरतच नाही, नुसता झेड खाली जातो. अलार्म नाही. मशीनवर हेलिकलचा ऑप्शनच नसेल का?

बोअरगेज:
ऑप्शनच्या मागे लागण्याआधी आर काढा. पूर्ण वर्तुळात सुरुवात आणि शेवट एकाच बिंदूवर येतात, आणि त्या बिंदूतून १२ त्रिज्येची कितीही वर्तुळं जाऊ शकतात. नेमकं कोणतं हे कंट्रोलला कळणार कसं? फॅनक त्याला शून्य अंशाचा आर्क धरतो, उरतो फक्त झेड. पूर्ण फेऱ्याला आय-जे च द्यायचे, म्हणजे सेंटरपर्यंतचं एक्स आणि वाय मधलं अंतर. जी९० (आकडे मूळ शून्यापासून मोजणं) असलं तरी आय हे सुरुवातीच्या बिंदूपासून सेंटरपर्यंतचं अंतर असतं, म्हणून इथे आय-१२.

तिरकी_धार:
आर बदललात तरी हा प्रोग्राम लगेच चालवू नका, कळकळीने सांगतोय. टूलची त्रिज्या ८, पाथची १२. म्हणजे मधोमध ८ व्यासाचा खुंट तसाच उभा राहतो. तळाशी पोचल्यावर जी०१ एक्स० (सरळ रेषेत सेंटरकडे) दिलंत की एंडमिल त्याच्यावर आदळेल. बोअर टूलच्या दुपटीपेक्षा मोठा असला की हे होणारच.

दोन टप्पे करा. आधी ६ त्रिज्येचा हेलिक्स, त्यात मधलं सगळं निघतं. टूल एक्स६. झेड० वर आणा, मग एम९८ पी२०००२०, म्हणजे सबप्रोग्राम २० वेळा (त्यातला जी९१ म्हणजे आकडे आहे त्या जागेपासून मोजणं):
ओ००२०
जी९१ जी०३ आय-६. झेड-१. एफ२५७
जी९०
एम९९
परतल्यावर झेड न देता एक सपाट फेरा, जी०३ आय-६., नाहीतर तळाला उतार राहतो. सेंटरला येऊन वर या आणि ११.८ त्रिज्येने हेच पुन्हा.

एफ२५७ कुठून आलं? एफ हा टूलच्या सेंटरचा फीड, पण कापते कडा आणि तिला बाहेरचं मोठं वर्तुळ फिरायचं असतं. कडेला ६०० हवा तर ६०० गुणिले पाथचा व्यास भागिले बोअरचा व्यास: पहिल्या टप्प्याला २५७, दुसऱ्याला ३५७. सरळ ६०० ठेवलात तर पहिल्या टप्प्यात कडेवर १४०० चा फीड पडतो. इन्सर्ट (टूलवरची बदलायची कापणारी पाती) फुटले की लोक त्यांच्या ग्रेडला दोष देतात, हे गणित कुणी बघत नाही.

नवा_सेटर:
दादा, आय दिल्यावर फिरलं! दोन टप्पेही झाले. आता साइजसाठी हेलिक्सच्या ओळीतच जी४१ (टूलच्या त्रिज्येचं कॉम्पेन्सेशन चालू करणारा कोड) टाकला तर अलार्म ०३४ येतोय.

तिरकी_धार:
जी४१ आणि तो बंद करणारा जी४० आर्कच्या ओळीत चालत नाहीत, सरळ रेषा लागते. आणि हेलिक्सला कॉम्पेन्सेशन हवंच कशाला? ते रफिंग (फिनिशआधीची जाडसर कापणी) आहे, बाजूला ०.२ मटेरियल ठेवलंच आहे. झेड-२०. वर, सेंटरवरून फिनिश असा घ्या:
जी४१ जी०१ एक्स१०. वाय-१०. डी१
जी०३ एक्स२०. वाय०. आर१०.
जी०३ आय-२०.
जी०३ एक्स१०. वाय१०. आर१०.
जी४० जी०१ एक्स०. वाय०.
इथे आर चालतो, कारण तो पाव आर्क आहे. तो टूलच्या ८ त्रिज्येपेक्षा मोठाच ठेवा. पहिल्या जॉबला डी मध्ये (कंट्रोलमधली टूलच्या त्रिज्येची नोंद) ८.०५ भरा, बोअर मोजा आणि जेवढा लहान आला त्याच्या निम्मं डी मधून कमी करा.