विंडोजवर पायथन: कुठून घ्यावं, कोणती आवृत्ती घ्यावी आणि सीएसव्हीतलं मराठी कसं जपावं?

काटकोन:
विंडोज ११ आहे. दर महिन्याला बारा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फायली) आणि काही एक्सेल फायली जोडून एकच तक्ता करायचा असतो, नावं-पत्ते देवनागरीत. त्यासाठी पायथन ही संगणकभाषा वापरायचं ठरवलंय. टर्मिनलमध्ये ‘पायथन’ टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. तिथूनच घ्यावं का? सगळ्यात नवी आवृत्ती घ्यावी का? एडिटर कोणता?

रिकामी_ओळ:
स्टोअर उघडतं, कारण विंडोजने ‘पायथन’ नावाची एक पोकळ फाईल आधीच ठेवलेली असते. सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्युशन अलायसेस असं जा आणि ज्या पायथनखाली ‘ॲप इन्स्टॉलर’ लिहिलंय ती बटणं बंद करा.

मग अधिकृत संकेतस्थळावरून ६४-बिट इन्स्टॉलर घ्या. पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन टू पाथ’ची चौकट असते. ती आपोआप भरलेली नसते, तेवढी खूण करा. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी. शेवटच्या पडद्यावर ‘डिसेबल पाथ लेंथ लिमिट’ दिसलं तर तेही दाबा, नाहीतर २६० अक्षरांपेक्षा लांब पत्त्याच्या फायली अडतात. टर्मिनल बंद करून नवं उघडा, कारण जुन्या खिडकीला बदललेला पाथ कळत नाही.

आवृत्ती: सर्वांत नवीच्या एक पायरी मागची. दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे घाई नाही. पांडाजसारख्या (तक्ते हाताळणाऱ्या) पॅकेजांचे तयार संच, म्हणजे व्हील, नव्या आवृत्तीसाठी यायला कधीकधी वेळ लागतो. व्हील नसलं की पिप, म्हणजे पॅकेजं बसवणारं साधन, मूळ कोडपासून बांधणी करू लागतं आणि ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० हवं’ म्हणून थांबतं. ते दिसलं म्हणून कित्येक जीबीची बिल्ड टूल्स उतरवू नका. एक आवृत्ती मागे या, काम होतं.

ओवी_सात:
वरच्याशी सहमत. एक जोड: कामासाठी वेगळं फोल्डर करा आणि त्यात ‘पाय डॅश एम व्हेन्व डॉट-व्हेन्व’ चालवा. व्हेन्व म्हणजे त्या कामापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन आणि त्याची पॅकेजं. स्क्रिप्ट्स फोल्डरातलं ॲक्टिव्हेट चालवताना पॉवरशेल ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ असं लाल अक्षरांत सांगेल. तेव्हा एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट चालू द्यायच्या का, याचा नियम) फक्त करंट यूजरच्या स्कोपपुरती रिमोटसाइन्ड करा. अख्ख्या मशीनसाठी अनरिस्ट्रिक्टेड करा असा सल्ला सर्रास मिळतो, तो कृपया मानू नका.

ॲक्टिव्हेट झाल्यावर ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पांडाज ओपनपायएक्सएल’ (दुसरं एक्सेल फायलींसाठी). नुसतं ‘पिप’ लिहू नका. मशीनवर दोन पायथन असतील तर ते कोणत्या पायथनचं पिप हे कळत नाही. ‘इन्स्टॉल झालं, तरी मॉड्यूल नॉट फाउंड’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. ‘पाय डॅश शून्य पी’ दिल्यावर सगळी पायथनं पत्त्यासकट दिसतात. अडलात की आधी ते पाहा.

हे फोल्डर वनड्राइव्हमध्ये ठेवू नका. व्हेन्वमध्ये हजारो बारीक फायली असतात आणि सिंक त्यांच्याच मागे लागतं.

निळी_शाई:
खरी मेख देवनागरीत आहे. विंडोजवर पायथनने फाईल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) सांगितलं नाही, तर सिस्टिमचं जुनं कोडपेज (ठरावीक अक्षरांचा तक्ता) धरलं जातं, बऱ्याच मशीनवर सीपी१२५२. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून लिहिताना ‘कॅरमॅप कोडेक’ची एरर येते. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ (देवनागरीही सामावणारं एन्कोडिंग) हेच मूळ ठरलं आहे, पण तोवर दर वेळी एन्कोडिंग स्वतः लिहा.

कोणतं? एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही ‘यूटीएफ-८-सिग’ने लिहा. फाईलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण बसते, ती पाहून एक्सेल मराठी नीट दाखवतं. ती नसली तर नावांच्या जागी चिन्हांचा चिखल दिसतो. वाचतानाही ‘सिग’च वापरा, नाहीतर ती खूण पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटू शकते: छापून पाहिलं तर ‘नाव’ दिसतं, मागितलं तर की-एरर, म्हणजे असा स्तंभच नाही.

सीएसव्ही मॉड्यूलने लिहिताना न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या. न दिल्यास प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते. आणि सी ड्राइव्हवरचा यूजर्सचा पत्ता कोडात लिहिताना अवतरणाआधी आर अक्षर लावा. उलट्या तिरक्या रेघेनंतरचा मोठा यू पायथनला युनिकोड संकेत वाटतो आणि ‘युनिकोड-एस्केप’ची एरर येते.

काटकोन:
सगळ्यांचे आभार. एडिटरचं राहिलं. आणि हेच काम दुसऱ्या संगणकावर न्यायचं तर फोल्डर जसंच्या तसं कॉपी करू?

ओवी_सात:
अगदी नवखे असाल तर थॉनी, त्यात पायथन आतच येतं. पुढे व्हीएस कोड, पण त्यात ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ने डॉट-व्हेन्वमधलं पायथन निवडा.

कॉपी स्क्रिप्टची करा, व्हेन्वची नको. त्यात जुन्या मशीनचे पत्ते पक्के लिहिलेले असतात. ‘पायथन डॅश एम पिप फ्रीझ’चं (बसवलेल्या पॅकेजांच्या यादीचं) आउटपुट रिक्वायरमेंट्स नावाच्या टेक्स्ट फाईलमध्ये घ्या, नव्या संगणकावर नवं व्हेन्व करा आणि ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल डॅश आर’पुढे त्या फाईलचं नाव देऊन तीच पॅकेजेस भरा.

रिकामी_ओळ:
अंतिम तक्ता एक्सेलमध्ये उघडा असताना स्क्रिप्ट चालवलीत तर पर्मिशन एरर येईल. एक्सेलने फाईल धरून ठेवलेली असते. ॲडमिन म्हणून चालवून ती सुटत नाही, आधी एक्सेल बंद करा.