मदत हवी आहे: १९४९ मधल्या अमेरिकन मालगाड्यांच्या नोंदींवरून डब्यांची वाहतूक कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या एका मालगाडी कंडक्टरच्या (म्हणजे आपल्याकडच्या गार्डच्या) नोंदवहीची स्कॅन केलेली पानं मिळाली आहेत. वर्ष १९४९, टप्पा वायोमिंगमधला लॅरमी ते रॉलिन्स. त्या काळची मालगाडी एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मॉडेलमध्ये उभी करायची आहे, आणि कुठल्या कंपनीचे किती डबे लावायचे हे मला अंदाजाने ठरवायचं नाही, या पानांवरूनच ठरवायचंय.

एका ओळीत एक डबा: मालकाची आद्याक्षरं, क्रमांक, भरलेला की रिकामा, माल, कुठे सोडायचा. डबा कुठल्या प्रकारचा ते मात्र लिहिलेलं नाही. त्यासाठी त्या वर्षाचं 'ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर' (कुठल्या कंपनीच्या कुठल्या क्रमांकांचे डबे कुठल्या प्रकारचे, याची सूची) उघडून क्रमांक कुठल्या मालिकेत बसतो ते पाहतोय. एक्सएम म्हणजे साधी बॉक्सकार (बंद डबा), आरएस म्हणजे बर्फावर थंड ठेवायचा डबा, एवढं आता पाठ झालंय. अक्षराने मात्र जीव काढलाय. एनपी (नॉर्दर्न पॅसिफिक) आणि एमपी (मिसूरी पॅसिफिक) पेन्सिलीत अगदी सारखे दिसतात. दोनपैकी एकाच्याच मालिकेत तो क्रमांक असला तर सुटतं, नाहीतर ती ओळ बाजूला ठेवतो.

आता खऱ्या अडचणी.

पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांत पीएफईचे, म्हणजे फळं-भाज्या नेणाऱ्या पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस कंपनीचे, बर्फाचे डबे सलग भरलेले दिसतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पानांवर तेच पीएफई, पुढे 'एमटी', म्हणजे रिकामे. मग दोन्ही दिशांची बेरीज करून टक्केवारी काढण्यात काही अर्थ आहे का? मला तरी दोन वेगळे तक्तेच बरोबर वाटतात. शिवाय सगळी पानं शरद ऋतूतली, ऐन सुगीची. त्यावरून वर्षभराचं चित्र काढणं मला पटत नाही. तुम्ही हंगामाचा हिशेब कसा धरता?

दुसरं, पूर्वेकडे जाणाऱ्या बहुतेक डब्यांपुढे 'कौन्सिल ब्लफ्स' (आयोवा राज्यातलं गाव) आहे. तेव्हा तिथे युनियन पॅसिफिकची हद्द संपायची, डबे दुसऱ्या कंपन्यांच्या ताब्यात जायचे. खरं ठिकाण वेबिलवर (डब्यासोबतच्या मालाच्या कागदावर) असणार, आणि वेबिलं माझ्याकडे नाहीत. माल आणि मालक यांवरून ते ताडता येतं का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बॉक्सकार देशभर फिरत, म्हणून गाडीतल्या परक्या (दुसऱ्या कंपन्यांच्या) बॉक्सकारांत पेनसिल्व्हेनिया किंवा न्यूयॉर्क सेंट्रल या पूर्वेच्या रेल्वे कंपन्यांचा वाटा देशातल्या एकूण बॉक्सकारांतल्या त्यांच्या वाट्याइतकाच धरावा, असं जाणकार सांगतात. हॉपर (कोळशासारखा सुटा माल खालून ओतणारे) आणि टँक डब्यांना हे लागू नाही, ते समजलं. पण माझ्या पानांवर पूर्वेकडे लाकूड घेऊन निघालेल्या बॉक्सकारांत पश्चिमेच्या कंपन्या जास्त दिसतात. परका डबा शक्यतो मालकाच्या दिशेने भरून पाठवावा असा नियम होता. त्यात मध्यरात्री डबा ज्याच्या ताब्यात, त्याने मालकाला त्या दिवसाचं भाडं द्यायचं, म्हणजे रिकामा डबा उगाच ठेवून घेणं परवडणारं नव्हतं. मग रिकाम्या बॉक्सकार मोजणीतून वगळून फक्त भरलेल्यांची तुलना करावी का? आणि तोच क्रमांक परतीच्या गाडीत पुन्हा आला तर तो एकदा धरायचा की दोनदा?

कुणी अशा वह्यांवर काम केलं असेल तर तक्ता कसा मांडला ते सविस्तर सांगा. वाचता न आलेल्या ओळींची छायाचित्रं पुढच्या प्रतिसादात टाकतो.