मदत हवी आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या शाळेचं काय करावं?

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिकवते. दसरा झाला की मुकादमाची (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी कोल्हापूर-सांगलीकडे निघतात, ती मार्च-एप्रिलला परततात. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही, करणार काय? चौथीतली एक मुलगी मागच्या हंगामात उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळत होती. परतली तेव्हा हातांवर पाचटाचे ओरखडे, आणि जोडाक्षरं पार विसरलेली. जाईल तिथल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं होतं, पण कोपीपासून (मजुरांच्या झोपडीपासून) शाळा लांब. यंदा आजी तिला ठेवून घ्यायला तयार आहे, पण आजीला दिसतं कमी.

आई-बाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह कुणी चालवलंय का? प्रस्ताव कधी, कुणाकडे द्यायचा? मुलींच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय कशी केलीत? लवकर सांगा, दसरा तोंडावर आलाय.